गाळाची बखर



माळव्यातील जुन्या मराठी घरांत, मग ते धारच्या पवारांच्या आश्रयाने वसलेले असो वा देवासच्या थोरल्या-धाकट्या पातीतले, देवघरात पंचायतन असे. एका तबकात पाच लहान पाषाण मांडलेले असत. विष्णूसाठी गंडकीचा शाळिग्राम, शिवासाठी नर्मदेचा बाण, गणपतीसाठी शोण नदीचा तांबडा शोणभद्र, देवीसाठी सुवर्णमुखी नदीतला धातूसारखा चकाकणारा खडा आणि सूर्यासाठी स्फटिक. पिढ्यान्‌पिढ्या या पाचांवर गंधाक्षता वाहिल्या गेल्या. परंतु या पाचांपैकी चार पाषाण नद्यांच्या पात्रांतून उचललेले आहेत, ही गोष्ट सहसा कोणाच्या मनात येत नाही. शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ते नदीने वाहून आणलेले अवसाद आहेत. गाळ, वाळू, गोटे आणि खडी यांचेच हे उच्चकुलीन भाईबंद होत.

या पाचांत धार-देवासकरांना सर्वांत जवळचा तो बाण. नर्मदेच्या बाणाला प्राणप्रतिष्ठा लागत नाही, तो स्वयंभूच, अशी श्रद्धा आहे. हे बाण ज्या ठिकाणाहून विशेषेकरून मिळत, ते धावडी कुंड देवास जिल्ह्याच्या बागली तालुक्यात, धाराजी येथे होते. परिक्रमा करणाऱ्यांना हे नाव चांगले परिचित आहे. नर्मदेच्या या पट्ट्यात लाव्ह्याच्या थरांखालचे फार प्राचीन, कठीण खडक उघडे पडले आहेत. अशा खडकांवरून नदी झेपावते तेव्हा पात्राच्या खाचखळग्यांत भोवरे निर्माण होतात. भोवऱ्यात सापडलेला दगड गरगर फिरतो, स्वतः झिजतो आणि खालच्या खडकालाही झिजवतो. त्यातून पात्रात रांजणासारखे खोल खड्डे पडतात. महाराष्ट्रात कुकडीच्या पात्रातील निघोजचे रांजणखळगे याच क्रियेने घडले आहेत. जो दगड मऊ असेल त्याचा चुरा होऊन तो वाळू म्हणून पुढे जातो. ज्याच्या अंगी गारेचा कठीणपणा असेल तो अनेक पावसाळे टिकतो आणि अखेर गुळगुळीत, अंडाकृती होऊन बाहेर पडतो. बाणाचा आकार असा पाण्याने दिलेला आहे आणि त्या पाण्याचा वेग, पात्राचा उतार व खडकाचा कठीणपणा या तिन्ही गोष्टी त्या आकारात नोंदल्या गेल्या आहेत.

धार जिल्ह्याकडे वळले की आणखी एक गोल दगड भेटतो. बाघच्या परिसरातील पाडल्या या गावी शेतकरी तळहाताएवढे किंवा त्याहून मोठे गोल पाषाण शेताच्या बांधावर ठेवून त्यांची पूजा करीत. हा शेताचा राखणदार ककर भैरव. पीक आणि गुरेढोरे यांचे तो रक्षण करतो, अशी भावना. २०२३ साली लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी हे पाषाण पाहिले आणि ती डायनोसॉरची अश्मीभूत अंडी असल्याचे सांगितले. त्याच वर्षीच्या जानेवारीत दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी धार जिल्ह्यातील अशा ९२ घरट्यांचे आणि त्यांतील २५६ अंड्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. अंड्यांचा व्यास साधारणपणे १५ ते १७ सेंटिमीटर आणि एका घरट्यात एकापासून वीसपर्यंत अंडी. ती घालणारे प्राणी टायटॅनोसॉर या वर्गातले, लांब मानेचे, वनस्पतींवर जगणारे महाकाय जीव होते.

अशा रीतीने दोन शेजारी जिल्ह्यांत दोन गोल दगड देवपदाला पोहोचले. एक पाण्याने घडविला, दुसरा एका प्राण्याने घातला. दोन्ही दगड कोणी पिशवीत घालून दूरच्या शहरात नेले आणि तिथे टेबलावर ठेवले, तर त्यांच्याविषयी काय सांगता येईल? कवच तपासून अंडे ओळखता येईल. गारेचा पोत पाहून बाण ओळखता येईल. परंतु अंडे कोणत्या थरात होते, शेजारी किती अंडी होती, खालची माती दलदलीची होती की कोरड्या काठाची, यांपैकी काहीही कळणार नाही. बाण कुंडातला की कुंडाखालच्या वाळवंटातला, हेही कळणार नाही. ग्रंथालयाच्या सभासदांना ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. दाखल क्रमांक पुसलेले, नोंदवहीत नसलेले, चुकीच्या कपाटात गेलेले पुस्तक कितीही मोलाचे असले तरी वाचकाला ते नसल्यासारखेच. गाळाचेही तसेच आहे. दगडाचा अर्धा अर्थ दगडात असतो आणि उरलेला अर्धा त्याच्या जागेत असतो. भूमीची घडण कशी होत गेली हे गाळावरून वाचण्याची जी विद्या आहे, तिचा पाया एवढाच आहे.

ही बखर खालून वर वाचावी लागते. जो थर आधी पडला तो तळाशी, नंतरचा त्याच्यावर. धार जिल्ह्यात या बखरीची सर्वांत जुनी पाने बाघच्या आसपास उघडी आहेत. तेथील प्रसिद्ध लेणी ज्या वालुकाश्मात कोरली गेली, त्या खडकाचा जन्म मुळात नद्यांनी आणि उथळ किनाऱ्यांनी आणून टाकलेल्या वाळूतून झाला. त्या वाळूवर चुनखडकाचे थर आहेत आणि त्यांत शिंपले, समुद्री साळिंदरांची कवचे, शार्कचे दात आणि अमोनाइट सापडतात. अमोनाइट म्हणजे शाळिग्रामातल्या चक्राचाच सगोत्र प्राणी. याचा अर्थ असा, की सुमारे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी आजच्या नर्मदेच्या खोऱ्याच्या वाटेने पश्चिमेकडून समुद्र आत शिरला होता आणि आज जेथे गुरे चरतात तेथे लाटा होत्या. वाळूवर चुनखडक या साध्या क्रमातून ही गोष्ट कळते. क्रम उलटा असता तर कथाही उलटी झाली असती, समुद्र आला असे म्हणण्याऐवजी समुद्र हटला असे म्हणावे लागले असते.

या पानांचे वाचक फार जुने आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्याचे वर्णन १८६९ साली प्रसिद्ध केले. त्याच संस्थेच्या प्रमथनाथ बोस यांनी १८८४ साली नेमावरपासून कवांटपर्यंतच्या नर्मदा खोऱ्यावर ग्रंथ लिहिला. पुढे मयूरभंजच्या लोहखनिजाविषयी जमशेटजी टाटांना कळविणारे बोस ते हेच. त्यांच्या ग्रंथाचे नावच देवास जिल्ह्यातील नेमावरपासून सुरू होते, ही या भागातील वाचकांना अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे. विसाव्या शतकात प्रा. चिपळूणकर यांनी आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील त्यांच्या सहकाऱ्यांनी बाघच्या जीवाश्मांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यामुळे या थरांची ओळख शास्त्राला करून देण्यात मराठी अभ्यासकांचाही वाटा आहे.

समुद्र हटल्यानंतर या भूमीवर उथळ तळी आणि दलदली पसरल्या. त्यांच्या काठच्या वाळूमिश्रित चुनखडीत टायटॅनोसॉरांनी अंडी घातली. काही घरटी पाण्याखाली जाऊन अंडी उबण्याआधीच गाळात पुरली गेली. प्राण्याच्या दृष्टीने तो अपघात होता, पण त्याच अपघातामुळे ती अंडी आज टिकली आहेत. मग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा बाहेर पडू लागला. एकामागून एक असे लाव्ह्याचे प्रवाह थिजले आणि माळव्याचे पठार काळ्या पाषाणाखाली झाकले गेले. दोन प्रवाहांच्या मध्ये बराच काळ गेला की तेथे तळे साचे, माती धरे, वनस्पती उगवत. असे पातळ गाळाचे थर आजही लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेले आढळतात. आगीच्या दोन प्रकरणांमध्ये पाण्याने लिहिलेली ही तळटीप म्हणता येईल.

लाव्हा थांबल्यानंतरचे काम मुख्यतः पाण्याने केले. आता प्रश्न पठार कसे झाले हा नसून पठार कसे कापले गेले हा आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी धार-देवासइतकी सोयीची जागा क्वचितच मिळेल, कारण पठाराची दक्षिण कड या दोन जिल्ह्यांतूनच जाते. त्या कडेला लोक विंध्य म्हणतात. मांडूच्या रूपमती मंडपात उभे राहिले की खाली निमाडचा सपाट प्रदेश दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवर नर्मदेची रेघ. मांडू समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच आणि धरमपुरीजवळची नर्मदा सुमारे दीडशे मीटरांवर. हे अंतर सरळ रेषेत जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर असेल. उलट देवासहून उत्तरेला उज्जैनपर्यंतच्या साधारण पस्तीस किलोमीटरांत भूमी पन्नास मीटरही उतरत नाही.

या विषमतेचा परिणाम पावसाच्या थेंबाच्या प्रवासात दिसतो. कड्याच्या माथ्यावर चार पावलांच्या अंतराने पडलेले दोन थेंब कायमचे दुरावतात. दक्षिणेकडे घसरलेला थेंब नर्मदेतून अरबी समुद्रास मिळतो. उत्तरेकडचा थेंब क्षिप्रेने, बागलीच्या परिसरात उगम पावणाऱ्या काली सिंधने किंवा चंबळेने यमुनेत आणि गंगेत जाऊन बंगालच्या उपसागरास पोहोचतो. धार जिल्ह्यात उगम पावणारी मही तर दोन्ही वाटा नाकारते. ती आधी उत्तरेस राजस्थानात जाते, मग मनात काही आल्याप्रमाणे वळून नैऋत्येस येते आणि खंभातच्या आखातास मिळते. या प्रवासात ती कर्कवृत्त दोनदा ओलांडते. एकाच टापूतले पाणी अशा तीन वाटांनी जाते. प्रत्येक वाटेवरचा गाळही वेगळा.

दक्षिणेकडच्या ओढ्यांची वाट थोडकी आणि उतार तीव्र. पावसाळ्यात त्यांच्या अंगी मोठाले धोंडे लोटण्याचे बळ येते. म्हणून कड्याच्या पायथ्याशी कोनेदार दगडांचा खच, त्याच्या पुढे गोलसर गोटे, त्यापुढे वाळू आणि नर्मदेच्या काठाशी पोयटा असा क्रम आढळतो. कोनेदार दगड फार दूरवरून आलेला नसतो, कारण दगडाच्या कडा प्रवासात झिजतात. गोट्यांची मांडणीही बोलकी असते. चपटे गोटे प्रवाहाच्या दाबाने एकमेकांवर कलून बसतात आणि कोरड्या पडलेल्या जुन्या पात्रातही पाणी पूर्वी कोणत्या दिशेने वाहत होते ते दाखवितात. उत्तरेकडील नद्यांपाशी मात्र बळ कमी आणि वेळ भरपूर. त्या मुख्यत्वे बारीक माती हळूहळू वाहून नेतात. म्हणून उत्तरेकडे पठार सपाट राहिले आणि दक्षिणेकडे ओढ्यांनी ते मागे मागे कुरतडत नेले. मांडूचा डोंगर मुख्य पठारापासून काकडा खोहच्या खोल दरीने जवळजवळ तुटलेला आहे, तो याच कुरतडण्यामुळे. मांडूच्या सुलतानांना जो नैसर्गिक खंदक लाभला तो ओढ्यांनी खणला होता.

नद्यांविषयी बोलताना डोंगरउताराला विसरून चालणार नाही, कारण नदीचा सारा माल तेथूनच येतो. देवासची देवीची टेकडी या दृष्टीने पाहावी. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी देवासच्या आठवणींच्या आपल्या पुस्तकाला याच टेकडीचे नाव दिले. ते १९५३ साली प्रसिद्ध झाले. भोवतीचे लाव्ह्याचे थर झिजून गेले आणि ही टेकडी उरली. अशा टेकड्यांच्या माथ्यावर काळा पाषाण कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटत असतो. उतारावर पातळ, तांबूस, खडेमिश्रित माती असते. तिच्याखाली मुरूम. पायथ्याशी यावे तो माती खोल आणि काळी होत जाते. पाऊस उतारावरची बारीक माती आणि खडकातून सुटलेले क्षार खाली नेतो आणि सखल भागात पाणी मुरत थांबल्यामुळे तेथे फुगणारी, चिकट काळी माती तयार होते. माळव्याची ख्याती ज्या काळ्या जमिनीमुळे झाली, ती जमीन बऱ्याच अंशी अशा रीतीने उतारावरून उतरून आलेली आहे. डोंगर झिजला, म्हणून शेत पिकले.

मात्र ही काळी माती इतिहासाच्या दृष्टीने काहीशी बेभरवशाची आहे. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत पडते आणि पावसाळ्यात माती फुगली की खालचा थर वर ढकलला जातो. शेतकऱ्याला हे वरदानच, कारण जमीन आपली आपण नांगरली जाते. अभ्यासकाला मात्र येथे बखरीची पाने कोणी पिसून ठेवल्यासारखी वाटतात. म्हणून जुना क्रम शोधण्यासाठी त्याला शेत सोडून नदीच्या कापलेल्या काठाशी जावे लागते.

तो काठ नेमावरपाशी आहे, धरमपुरीपाशीही होता. नर्मदेच्या दोन्ही तीरांवर जुन्या गाळाच्या उंच दरडी उभ्या असत. त्यांत तळाशी गोट्यांचे घट्ट झालेले थर, वर वाळू, त्यावर पिवळसर-तपकिरी पोयटा आणि मधूनमधून चुनखडीचे पांढरे खडे दिसतात. हे खडे पावसाविषयी साक्ष देतात. पाऊस मुबलक असला तर जमिनीतला चुना धुऊन जातो. पाऊस कमी आणि ऊन जास्त असेल तर तो जमिनीतच गोळा होतो. म्हणून ज्या थरात असे खडे दाट, तो थर तुलनेने कोरड्या काळातून गेलेला असतो. नेमावरच्या वरच्या अंगाला, सीहोर जिल्ह्यातील हथनोरा येथे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकिया यांना डिसेंबर १९८२ मध्ये अशाच गोट्यांच्या थरात प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सापडला. भारतात मिळालेला आदिमानवाचा तो अत्यंत महत्त्वाचा अवशेष होय. त्याच्या वयाविषयी विद्वानांत आजही एकमत नाही आणि त्याचे कारण पुन्हा जागेशीच निगडित आहे. गोट्यांचा थर म्हणजे पुराने वाहून आणलेला माल. कवटी त्या थराइतकीच जुनी, की कोठून तरी आणखी जुन्या थरातून उकरून वाहत आलेली? गोट्यांच्या थरात सापडलेल्या प्रत्येक वस्तूला हा प्रश्न विचारावा लागतो.

याच्या उलट काही थर आपली तारीख स्वतःच सांगतात. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीचा महाप्रचंड उद्रेक झाला. त्याची राख वाऱ्याने भारतावर येऊन पडली आणि नर्मदा व शोण यांच्या गाळात तिचे थर आढळले आहेत. राखेखालचा गाळ त्या उद्रेकाहून जुना, वरचा नवा. जेथे अशी राख नाही तेथे वाळूच्या कणांनाच विचारावे लागते. वाळूचा कण पुरला गेला की आसपासच्या किरणोत्सारी द्रव्यांची ऊर्जा त्यात साठत जाते आणि सूर्यप्रकाश लागला की ती निघून जाते. म्हणून नमुना अंधारात काढून प्रयोगशाळेत त्यातली साठलेली ऊर्जा मोजली, तर त्या कणाने शेवटचे ऊन कधी पाहिले हे कळते. गाळाची काल-नोंद अशी उजेडाच्या आठवणीवरून लावतात.

पुरांचीही नोंद गाळात असते. मोठ्या पुरात नदीचे पाणी घळईच्या आडबाजूच्या कोनाड्यांत शिरते, तेथे थांबते आणि बारीक वाळूचा एक पातळ थर टाकून ओसरते. पुढचा तेवढाच मोठा पूर त्यावर दुसरा थर टाकतो. हे थर मोजणे म्हणजे महापुरांची गणती करणे. पुणे विद्यापीठाचे प्रा. विश्वास काळे आणि त्यांचे अमेरिकी सहकारी यांनी १९९०च्या दशकात नर्मदेच्या खडकाळ घळईतील असे थर अभ्यासून दीड हजारांहून अधिक वर्षांतल्या महापुरांचा आलेख मांडला. सप्टेंबर १९७०च्या महापुरात गरुडेश्वरपाशी सेकंदाला सुमारे ६९ हजार घनमीटर पाणी वाहिले होते. नदीमापनाची केंद्रे स्थापन होऊन फारतर शतकभर झाले असेल. त्यामुळे असा पूर किती वर्षांनी एकदा येतो हे केवळ सरकारी नोंदींवरून ठरविणे कठीण. धरण बांधणाऱ्यालाही, काठावर घर बांधणाऱ्यालाही गाळाची साक्ष उपयोगी पडते ती यासाठी.

आणि मग माणूस. हसमुख सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९५२ पासून महेश्वर व समोरच्या तीरावरील नावडातोली येथे उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्ती नर्मदेच्या जुन्या गाळाच्या उंच काठावर वसलेली होती. म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात माणूस तेथे राहायला आला, तेव्हा तो गाळ साचून झालेला होता आणि नदीने आपले पात्र खाली कापून घेतले होते. धारच्या मुंज तलावाचा निर्माता राजा मुंज होय, असे परंपरा सांगते. अशा जुन्या तळ्यांचा तळ म्हणजे भोवतालच्या शेतांची रोजनिशीच. माळव्यात पूर्वी काळी जमीन पावसाळ्यात पड ठेवून हिवाळ्यात गहू-हरभरा घेण्याची रीत होती. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सोयाबीन आले आणि पावसाळ्यात जमीन पिकाने झाकली जाऊ लागली. उघड्या जमिनीवरून वाहून आलेला गाळ आणि पिकाखालच्या जमिनीवरून आलेला गाळ सारखा नसतो. तळ्यांच्या तळाशी हा पालट उमटल्याविना राहणार नाही.

येथवर गाळाने काय सांगितले ते पाहिले. आता ही बखर आज कोणत्या स्थितीत आहे, हे सांगणे भाग आहे. धावडी कुंड आज दिसत नाही. ओंकारेश्वर धरण २००७ साली पुरे झाले आणि त्याच्या जलाशयात कुंड बुडाले. त्याआधी, ७ एप्रिल २००५ रोजी, धाराजीच्या यात्रेत वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्याचा लोंढा अचानक आला आणि अनेक भाविक वाहून गेले. उन्हाळ्यात नदी कशी वागते याविषयी पिढ्यांचे जे ज्ञान होते, ते त्या दिवशी निरुपयोगी ठरले. धार जिल्ह्यातील चिखलदा, निसरपूर यांसारखी काठावरची गावे सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली. १३८.६८ मीटरांची पूर्ण पातळी त्या सरोवराने प्रथम २०१९ साली गाठली. धरणांनी पाणी दिले, वीज दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. त्यासाठी गाव सोडणाऱ्यांनी किती गमावले, त्याचे मोल येथे मापता येणार नाही. गाळाच्या संदर्भात एवढेच म्हणायचे, की स्थिर पाण्यात गोटा फिरत नाही. भोवरा थांबला म्हणजे बाण घडणेही थांबले. आज देवघरात असलेला बाण हा त्या कुंडाच्या बंद झालेल्या दप्तरातला एक कागद आहे.

डायनोसॉरच्या अंड्यांचेही संकट वेगळे नाही. धार जिल्ह्यात २०११ साली डायनोसॉर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान अधिसूचित झाले ही समाधानाची बाब. परंतु घरटी त्या कुंपणापुरती मर्यादित नाहीत. ती शेतांत, ओढ्यांत, वाटांवर आहेत. जो कोणी कौतुकाने किंवा पैशासाठी एक अंडे उचलून नेतो, तो दगड नेतो आणि माहिती मागे सांडून जातो. पाडल्याच्या शेतकऱ्याने ते बांधावर ठेवून पूजिले, त्यामुळे निदान ते गावात राहिले. या बाबतीत भक्ताने हौशी संग्राहकाहून अधिक राखले, असेच म्हणावे लागेल.

शेतातल्या मातीचे संकट सर्वांत कमी दिसणारे आणि सर्वांत मोठे. काळ्या पाषाणापासून बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. बांध फुटलेल्या उतारावरच्या शेतातून तेवढी माती काही मोजक्या पावसाळ्यांत निघून जाते. देवासला १९९०च्या सुमारास आगगाडीने पाणी आणावे लागले होते, हे येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या अनुभवातून शहाणे होऊन २००६ पासून देवास जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी आपापल्या शेतांत हजारो तळी खोदली. ही तळी पाण्यासाठी आहेत, परंतु दर पावसाळ्यात त्यांच्या तळाशी वरच्या शेताची माती साचते. जो शेतकरी उन्हाळ्यात तो गाळ काढून पुन्हा शेतात पसरतो, तो नदीचे काम उलट दिशेने करीत असतो. किती गाळ निघाला याची त्याने नोंद ठेवली, तर आपले शेत वर्षाला किती झिजते हेही त्याला कळेल.

शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या संस्थेपुढे म्हणूनच एक साधी सूचना ठेवण्याजोगी आहे. गावोगाव आजही विहिरी खणल्या जातात, पाये काढले जातात, तळी उपसली जातात. अशा प्रत्येक खड्ड्यात बखरीचे एक पान काही दिवस उघडे असते आणि मग कायमचे मिटते. काळी माती किती हात, मुरूम किती, खडे गोल की कोनेदार, चुनखडी कोठे लागली, पाणी कोणत्या थरात फुटले, एवढे लिहून घ्यायला भूशास्त्राची पदवी लागत नाही. विहीर खणणाऱ्या कारागिराला हे सारे तोंडपाठ असते, फक्त ते कोणी विचारीत नाही आणि लिहून ठेवीत नाही. ग्रंथालयाने त्यासाठी एक वही घालावी. गावाचे नाव, जागा, तारीख, खोली आणि थर असे पाच रकाने पुरेत. ज्यांच्या घरी नर्मदेचा बाण आहे त्यांनी तो कोणी, केव्हा, कोठून आणला याचीही नोंद त्याच वहीत करावी. ज्यांना तो आणणारे आजोबा किंवा पणजोबा आठवतात, ती पिढी अजून हयात आहे.

ती वही भरत गेली, तर पुढच्या शतकातील अभ्यासकाला धार-देवासच्या भूमीविषयी असे काही सापडेल, जे कोणत्याही छापील ग्रंथात नसेल. पेशव्यांच्या काळातील साधे जमाखर्चाचे कागद आज इतिहासाची साधने ठरली, कारण कोणीतरी ते जागच्या जागी, क्रमाने बांधून ठेवले होते. गाळाने आपले काम चोख केले आहे. कोट्यवधी वर्षे त्याने एकावर एक थर रचले आणि कोणतेही पान मुद्दाम खोटे लिहिले नाही. ती पाने आता विस्कटू न देणे, एवढे काम माणसांकडे उरले आहे.